पाचवे शील आणि व्यसनी माणसाचा उपचार

पंचशीलातील पाचवे शील आपल्या विहारांत रोज म्हटले जाते. परंतु त्याच्या अर्थाचा विचार फारसा होत नाही. आषाढ पौर्णिमेला वर्षावासाचा प्रारंभ होतो, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन गावोगावी सुरू होते आणि त्या वातावरणात दहा-पंधरा वर्षे दारू पिणारा एखादा उपासक भर विहारात उभा राहून आपण आजपासून दारू सोडल्याचे जाहीर करतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनीही हेच घडते. उपस्थित मंडळी ‘साधु, साधु’ म्हणतात. त्याची पत्नी डोळे पुसते. मात्र त्या रात्रीपासून पुढचे तीन दिवस त्या माणसाच्या शरीरात काय घडते, याची कल्पना ‘साधु’ म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असते. प्रस्तुत लेखात आम्ही त्या तीन दिवसांचा आणि त्यानंतरच्या काळाचा विचार करणार आहोत.

या विषयात आपल्या समाजात दोन मते आढळतात. शील मनापासून घेतले की व्यसन सुटते आणि ज्याचे सुटत नाही त्याचे मनच खोटे, असे एक मत. व्यसन हा मेंदूचा रोग आहे, त्यात धम्माचा काही संबंध नाही, तो डॉक्टरांचा प्रांत आहे, असे दुसरे मत. पहिल्या मताने माणूस लाजेने मरतो. दुसऱ्या मताने तो रुग्णालयातून बरा होऊन येतो आणि महिन्याभरात पुन्हा गुत्त्यावर दिसतो. आमच्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत, आणि तिपिटकाचा आधार घेतला तर यांपैकी एकालाही पूर्ण पाठिंबा मिळत नाही.

हा विचार धाराशिव जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून मांडीत आहोत. पूर्वी उस्मानाबाद म्हणून ओळखला जाणारा आणि २०२३ साली ज्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले, असा हा अवर्षणग्रस्त जिल्हा. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २०१५ साली शासनाने ‘बळीराजा चेतना अभियान’ ज्या दोन जिल्ह्यांत सुरू केले, त्यांतील एक हा, दुसरा यवतमाळ. येथे दारूची वस्ती जुनी आहे. निजामाच्या अमदानीत आबकारी हे सरकारी उत्पन्नाचे एक ठळक साधन होते. पण आता प्रश्न केवळ दारूचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी येथे पोलिसांनी मेफेड्रोनच्या पुड्यांसह तिघांना अटक केली आणि तपास पुढे सरकला तसतशी आरोपींची संख्या तीसच्या वर गेली. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपल्यापुढील प्रश्न निराळा आहे: ‘एम. डी.’ या नावाने जो पदार्थ मुंबई-पुण्याचा म्हणून आपण वर्तमानपत्रांत वाचत होतो, तो तालुक्याच्या गावी पोहोचला असेल, तर त्याच्या आहारी गेलेल्या पोरांना घेऊन आईबापांनी जावे कोठे?

शब्दांचा अर्थ

प्रथम शिक्षापदातील शब्द पाहू. ‘सुरा’ आणि ‘मेरय’ यांचे प्रकार विनयपिटकाच्या सुत्तविभंगात दिले आहेत. पिठाची, अपूपांची, भाताची, किण्व घालून केलेली अशी सुरा. आणि फुलांचे, फळांचे, मधाचे, गुळाचे असे आसव, ते मेरय. यातील ‘गुळासव’ हा शब्द धाराशिवच्या वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. गूळ सडवून, नवसागर टाकून पेटविलेली हातभट्टी हे त्याचेच वंशज आहे. फरक एवढाच की त्या काळच्या आसवात नवसागर नव्हता आणि ऊर्ध्वपातनाची तीव्रताही नव्हती. तिसरा शब्द ‘मज्ज’. जे जे मद आणते ते ते मज्ज, असा अर्थ अट्ठकथेने दिला आहे. म्हणून गर्द, गांजा, झोपेच्या गोळ्या किंवा एम. डी. यांची नावे सूत्रात नाहीत, ही पळवाट कोणी काढू नये.

‘पमादट्ठान’ म्हणजे प्रमादाचे ठाण, जेथे बेसावधपणा वस्तीला येतो ती जागा. शिक्षापदाचा रोख द्रव्याच्या अपवित्रतेकडे नाही. स्मृती हरपण्याकडे आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे जे सहा दोष सांगितले आहेत, त्यांत धनहानी, भांडणे, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचे दुबळेपण एवढेच आहे. नरकाची भीती त्या यादीत नाही, हे ध्यानी घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे शब्द मात्र अखेरचे आहेत. ‘वेरमणी’ म्हणजे विरती, मागे फिरणे. ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याचे पाऊल. ‘समादियामि’ हे वर्तमानकाळी, प्रथमपुरुषी क्रियापद आहे: मी स्वीकारतो आहे. यात कोणी आज्ञा करीत नाही आणि कोणी शिक्षाही देत नाही. (मराठीत ‘शिक्षा’ या शब्दाला दंडाचा अर्थ चिकटला, त्यामुळे ‘शिक्षापद’ म्हणताना आपला कान नकळत फसतो.) शिकणारा चुकतो, चुकला म्हणून शाळेतून त्याचे नाव काढून टाकत नाहीत.

सागत थेराची कथा

हे शिक्षापद भिक्षूंकरिता कोणत्या प्रसंगी घालून दिले गेले, ती कथा आपल्या प्रवचनांत क्वचितच येते. सागत नावाच्या थेराने आपल्या सामर्थ्याने एका जटिलाच्या अग्निशाळेतील भयंकर नागाला नमविले. त्याची कीर्ती कोसंबीपर्यंत गेली. त्याचा सत्कार कसा करावा असे उपासकांनी विचारले, तेव्हा काही खोडसाळ भिक्षूंनी त्यांना ‘कापोतिका’ नावाची दुर्मिळ सुरा सुचविली. सागत भिक्षेला निघाला आणि घरोघरी त्याला ती पाजली गेली. नगराबाहेर पडताना तो वेशीतच कोसळला.

तथागत भिक्षूंसह त्याच वाटेने येत होते. त्यांनी प्रथम काय केले? सागताला उचलून घ्या, असे सांगितले. भिक्षूंनी त्याला विहारात आणून, त्याचे डोके तथागतांकडे येईल असे निजविले. त्याने शुद्ध नसल्यामुळे कूस बदलून पाय त्यांच्याकडे केले. मग तथागतांनी विचारले की पूर्वी हा आदर राखत होता ना, नागाशी झुंजला होता ना, आणि आता हा एखाद्या पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय? यानंतर मद्यपानास ‘पाचित्तिय’ ठरविण्यात आले. पाचित्तिय म्हणजे दुसऱ्या भिक्षूपाशी उघड सांगून ज्यातून शुद्ध होता येते असा दोष. संघातून कायमचे बाहेर काढणारे जे चार पाराजिक दोष आहेत, त्यांत मद्यपान नाही.

या कथेतील दोन गोष्टी आम्हाला मोलाच्या वाटतात. पाजणारे उपासक होते, आणि पाजले ते सन्मानाच्या नावाखाली. जयंतीच्या मिरवणुकीत ढोलताशाबरोबर जे फिरते, त्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. दुसरी गोष्ट अशी, की पडलेल्या माणसाला आधी उचलले गेले आणि नियम मागाहून झाला. आपल्या वस्त्यांत हा क्रम बहुधा उलटा असतो.

शरीराचे काम

आता त्या तीन दिवसांकडे वळू. दारू मेंदूतील उत्तेजना दडपते. वर्षानुवर्षे रोज दारू मिळत गेली की मेंदू त्या दडपणाविरुद्ध आपली उत्तेजना वाढवून समतोल साधतो. अशा माणसाने एकदम दारू बंद केली, तर दडपण निघून जाते आणि वाढलेली उत्तेजना तशीच उरते. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते, मळमळते. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आले असे वाटते, माणसे ओळखू येत नाहीत, ताप आणि नाडीचे ठोके वाढतात. या अवस्थेवर उपचार झाला नाही तर मृत्यू ओढवू शकतो. सर्वांनाच असे होत नाही. पण दीर्घकाळ आणि भरपूर पिणाऱ्याला, आणि पूर्वी एकदा झटका येऊन गेलेल्याला धोका मोठा असतो.

घरी काय होते? कोणी म्हणते बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणते याला दारूच पाजा, मग शांत होईल. आणि पाजली की तो खरोखर शांत होतो, प्रतिज्ञा मात्र तिसऱ्या दिवशी मोडते. लोक म्हणतात, याच्यात दमच नव्हता. वास्तविक तो माणूस शीलात हरला नव्हता. त्याला औषध मिळाले नव्हते.

हा प्रकार कल्पनेतला नाही. आपल्या सीमेलगतच्या तेलंगणात, निजामाबाद भागात, शिंदीत झोपेची औषधे मिसळून विकण्याचा धंदा जुना आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तेथे भेसळीच्या शिंदीवर एकाएकी कारवाई झाली. काही दिवसांतच शेकडो माणसे झटके आणि भ्रम यांनी ग्रासून रुग्णालयात दाखल झाली आणि काही दगावली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशभर दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली, तेव्हाही हेच दिसले. केरळात तर व्यसनी रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश सरकारने काढला आणि उच्च न्यायालयाने तो स्थगित केला. पुरवठा थांबविणे आणि माणूस बरा होणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या दोन प्रसंगांवरून दिसते.

म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे असे, की रोज पिणाऱ्या माणसाने विहारात प्रतिज्ञा घेण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. सात-आठ दिवसांच्या वैद्यकीय देखरेखीत, हळूहळू कमी करत नेलेल्या औषधांनी, हा घाट सुखरूप उतरता येतो. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, फार कमी झालेले असते. अशा रुग्णाला अशक्तपणासाठी नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले आणि थायमिन दिले नाही, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातील दवाखान्यात सलाईन लावताना ‘हे रोज दारू पितात’ एवढे एक वाक्य नातेवाइकाने लाज सोडून उच्चारले, तर ती इजा टळू शकते.

गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, सोडताना अंग फुटून निघते, उलट्या-जुलाब होतात, पण दारूइतका जिवाचा धोका त्या त्रासात सहसा नसतो. तेथे धोका पुढे आहे. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते आणि पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. एम. डी. सोडणाऱ्याला खोल उदासीनता येते, आणि त्या काळात आत्महत्येचा विचार येतो काय, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे लागते.

अफूवर्गीय व्यसनासाठी डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे दीर्घकाळ देतात. त्यावर काही उपासक आक्षेप घेतात, की हे तर एका नशेऐवजी दुसरी नशा देणे झाले. त्यांनी महावग्गातील भेसज्जखंधक पाहावा. पिलिंदवच्छ थेरांना वातविकार झाला असता वैद्यांनी तेलाचा काढा सांगितला आणि त्यात मद्य घालणे आवश्यक होते. तथागतांनी त्याला अनुमती दिली. काही भिक्षूंनी मद्य अतोनात घातले आणि ते झिंगले, तेव्हा मर्यादा घातली गेली: मद्याचा रंग, गंध आणि रस जाणवू नये, इतकेच असावे. औषध आणि नशा यांतील भेद येथे द्रव्यावर नव्हे, तर हेतू, मात्रा आणि देखरेख यांवर केलेला आहे. पंचवीस शतकांपूर्वीची ही विवेकदृष्टी आजच्या वादातही पुरेशी आहे.

रुग्ण आणि शुश्रूषक

महावग्गातच अतिसाराने मलमूत्रात पडून असलेल्या भिक्षूची प्रसिद्ध कथा आहे. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले आणि जो माझी सेवा करू इच्छितो त्याने रुग्णाची सेवा करावी, अशा आशयाचे सांगितले. त्या कथेला जोडून रुग्ण सांभाळण्यास कठीण केव्हा होतो, याची पाच लक्षणे येतात. तो अपथ्य करतो. पथ्यातही प्रमाण जाणत नाही. औषध घेत नाही. हितचिंतक शुश्रूषकाला आपला आजार जसा आहे तसा सांगत नाही. आणि दुःखद वेदना सहन करू शकत नाही. व्यसनी माणसाचे याहून नेमके वर्णन आम्हाला ठाऊक नाही. विशेषतः चौथे लक्षण. व्यसनाचा अर्धा रोग लपविण्यात असतो.

पण लपविणे एकतर्फी नसते. ‘रुग्णाला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती एस. टी. स्थानकांच्या भिंतींवर दिसतात आणि त्रासलेल्या बायका भाजीत पूड कालवतात. अशा पुडीत काय असेल याचा नेम नसतो. त्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर तो माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. हे औषध उपयुक्त आहे, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सत्य लपवून दिलेल्या औषधाने सत्य बोलण्याची सवय कशी लागावी?

शुश्रूषकाचे गुणही पाच सांगितले आहेत: औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य ओळखणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र आणि वांती उपसण्याची किळस नसणे, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला धीर देणे. यात धम्मकथा शेवटी आहे. आपल्याकडे व्यसनी माणसावर धम्मकथेचाच मारा प्रथम होतो.

या पाचही गुणांना एकत्र आणणारी संस्था महाराष्ट्रात पाहावयाची तर पुण्याचे ‘मुक्तांगण’ पाहावे. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी पुढे केली आणि डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू केले. तेथील उपचार पस्तीस दिवसांचा. आरंभी शरीरातील विषाचा निचरा आणि औषधे. मग गटचर्चा, समुपदेशन, योग, व्यायाम, संगीत, केंद्रातील कामांत सहभाग. आणि घरी परतल्यावर पाठपुरावा. समुपदेशकांपैकी अनेक जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आहे. डॉ. अनिता १९९७ साली आणि अनिल अवचट २०२२ साली गेले, तरी काम चालू आहे. ही बौद्ध संस्था नव्हे आणि तिने तसा दावाही केलेला नाही. परंतु कल्याणमित्रता हा मार्गाचा अर्धा भाग नव्हे, तर संपूर्ण मार्ग आहे, असे जे तथागतांनी आनंदाला सांगितले, त्याचा व्यवहारातील नमुना आम्हाला तेथे दिसतो.

याउलट कुलूप, मारहाण आणि थंड पाण्याची बादली म्हणजे उपचार असे समजणारी केंद्रेही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व मादक द्रव्यांमुळे होणारे मानसिक विकार आपल्या कक्षेत घेतले असून रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे. केंद्र नोंदणीकृत आहे काय, डॉक्टर येतात काय आणि नातेवाइकांना भेटू देतात काय, एवढी चौकशी केल्यावाचून माणूस कोणाच्या स्वाधीन करू नये. तसेच पोलिसांच्या भीतीने पोरांना लपवून ठेवणाऱ्या पालकांनी हे जाणून घ्यावे, की १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमात, अल्प प्रमाण बाळगल्याच्या किंवा सेवनाच्या आरोपातील जो व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतो, त्याला खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद आहे.

उपचार मिळणे मात्र सोपे नाही. केंद्र शासनासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काही तरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा एकशे ऐंशींत एक. परंड्याच्या एखाद्या शेतमजुराला पस्तीस दिवस पुण्यात राहणे म्हणजे पस्तीस दिवसांची मजुरी बुडविणे. म्हणून जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, गावची आशा कार्यकर्ती, आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची व १४४१६ ही मानसिक आरोग्याची निःशुल्क दूरध्वनी सेवा यांची माहिती विहाराच्या फलकावर असली पाहिजे, वर्गणीदारांच्या यादीच्या वर.

देव, ध्यान आणि प्रतिज्ञा

अमेरिकेत १९३५ साली ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही दारुड्यांनी दारुड्यांसाठी चालविलेली चळवळ सुरू झाली. तिच्या सभा आपल्याकडे अनेक शहरांत भरतात, पैसे लागत नाहीत. तिच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बौद्धाला तो खटकतो. खटकणे योग्यच आहे. पण त्या सभांचे बळ एक माणूस दुसऱ्यापुढे आपले खरे सांगतो, यात आहे. आणि ती रीत तर पाचित्तियाच्या देशनेत आपल्याकडे फार आधीपासून आहे. ईश्वराच्या जागी संघ ठेवून त्या सभेत बसण्यात आम्हाला गैर वाटत नाही.

‘फक्त आजचा दिवस पिणार नाही’ हे त्यांचे प्रसिद्ध सूत्रही आपल्याला नवे नाही. उपोसथाचे अष्टशील हे एका अहोरात्राकरिताच घेतले जाते. अर्हंत आयुष्यभर ज्यापासून विरत असतात, त्यापासून मी आजची रात्र आणि आजचा दिवस विरत राहीन, असे चिंतन अंगुत्तरनिकायात सांगितलेले आहे. जन्मभराचा डोंगर ज्याला उचलत नाही, त्याच्या हाती एका दिवसाचा दगड देण्याची ही युक्ती आहे.

थायलंडमधील थाम क्राबोक विहारात अफू सोडणाऱ्यांना वनस्पतींचा काढा देऊन उलट्या करविल्या जातात आणि ‘सच्च’ म्हणजे सत्यप्रतिज्ञा दिली जाते. तेथील भिक्षू चमरून पर्णचंद यांना या कामासाठी १९७५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथील भिक्षूंचे धैर्य वंदनीय आहे. परंतु ती रीत मुख्यत्वे अफूच्या रुग्णांवर घडली. दारूच्या झटक्यांवर काढ्याने आणि प्रतिज्ञेने काम भागणार नाही, म्हणून तिचे अंधानुकरण आपल्याकडे होऊ नये.

ध्यानाचेही तसेच. स्पर्शातून वेदना आणि वेदनेतून तृष्णा उपजते. वेदना आणि तृष्णा यांच्या मधल्या सांध्यावर स्मृती ठेवता आली, तर साखळी तेथे तुटते. नशेची ओढ उसळते, काही मिनिटे टिकते आणि ओसरते, हे ध्यानात प्रत्यक्ष पाहता येते. अमेरिकेतील सिअॅटल येथे मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लट व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच आधारावर पुनर्व्यसन टाळण्याची पद्धत बसविली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २८६ रुग्णांच्या अभ्यासात, वर्षअखेरीस या पद्धतीच्या गटात नशेचे दिवस इतर गटांपेक्षा कमी आढळले. पण ते सर्व रुग्ण आधी प्राथमिक उपचार पूर्ण केलेले होते, ही बाब आपल्याकडे सांगताना गाळली जाते. हात थरथरणाऱ्या माणसाला आनापानासाठी बसविणे ही करुणा नव्हे.

प्रतिज्ञेविषयी एक ऐतिहासिक गोष्ट नोंदविणे आवश्यक वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने १९५१ च्या आपल्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध केला होता. महसूल बुडतो आणि दारू घरोघरी गाळली जाऊ लागते, अशी कारणे त्यात होती. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची सतरावी प्रतिज्ञा आहे. यात विसंगती पाहणाऱ्यांना कायदा आणि शील यांतील भेद समजला नाही. एक बाहेरून बंद करतो. दुसरे आतून स्वीकारले जाते. बाहेरून बंद केल्याने काय होते, ते निजामाबादने दाखविले आहे.

वर्षावासाचे तीन महिने

आता व्यवहार. दारू सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने पुन्हा पिण्याच्या दृष्टीने फार नाजूक असतात, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा काळही तीन महिन्यांचाच. ज्याला सोडावयाची आहे त्याला पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी रुग्णालयात न्यावे, शरीर मोकळे करून आणावे आणि मग शील द्यावे. पुढे रोज संध्याकाळी, म्हणजे गुत्त्याच्या नेमक्या वेळी, ग्रंथवाचनाला त्याची जागा ठरलेली असावी. वाचनाला तो आला नाही तर त्याच दिवशी दोघांनी त्याच्या घरी जावे. प्यायला असेल तर वाद न घालता परत यावे आणि सकाळी पुन्हा जावे. सकाळी त्याने सांगितले, की त्याच्याकडून पुन्हा शील घ्यावे. किती वेळा, असे कोणी विचारील. पंचशील आपण स्वतः किती वेळा घेतो, ते मोजून पाहावे. पत्नीला आणि मुलांना मात्र त्याच्याबरोबर एकाच बैठकीत बसवू नये. त्यांचे सांगणे निराळे असते, आणि मार खाल्लेल्या बाईला ‘सहन करा, तो सुधारतो आहे’ असे सांगण्याचा अधिकार विहाराला नाही.

खरी कसोटी आश्विन पौर्णिमेनंतर लागते. वाचन संपते, दिवाळी येते, मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते आणि भूम-परंड्याच्या वस्त्यांपुढे ट्रक उभे राहतात. पुढील पाच-सहा महिने तो माणूस कोपीवर असतो, जेथे थंडीत पहाटे उठण्यासाठी आणि रात्री अंग दुखते म्हणून पिणे हीच रीत असते. तेथे विहार नाही, आशा कार्यकर्ती नाही, डॉक्टरही दूर. त्याच टोळीत न पिणारा दुसरा एक कोयता कोणता आहे, कारखान्याच्या गावी बुद्धविहार कोठे आहे आणि तेथे कोणाला भेटावयाचे, हे त्याच्या ट्रकमध्ये सामान चढण्यापूर्वी ठरवून, कागदावर लिहून त्याच्या पत्नीच्या हाती दिले पाहिजे. दर पौर्णिमेला त्याला दूरध्वनी कोणी करावयाचा, हेही त्याच कागदावर असावे.